सतरा रिकाम्या तारखा

माझा उद्योग काय, हे डहाणूजवळच्या मसोलीत आमच्या गल्लीत अजून कोणाला नीट कळलेलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. मी घरीच असतो, बनियनवर असतो आणि दिवसभर एका काळ्या पडद्याकडे बघत कीबोर्ड बडवतो. समोरच्या काकूंची बरीच वर्षं अशी समजूत होती की माझी नोकरी गेली आहे आणि बायको शाळेत शिकवून मला पोसते. आईला कोणी विचारलं की ती सांगायची, "तो कॉम्प्युटरची बिऱ्हाडं हलवतो." हे तिला मीच समजावून दिलं होतं. त्याहून नेमकं मला आजही सांगता येणार नाही.

लोकांच्या वेबसाइट, नोंदवह्या, अर्ज ज्या सर्व्हरवर चालतात, ते त्यांच्या दारात नसतात. दूर कुठेतरी मोठ्या थंड इमारतीत असतात आणि आपण त्यातली एखादी खोली भाड्याने घेतो. कधी खोली लहान पडते, कधी मालक म्हणतो की जुनी चाळ पाडणार, नवीन इमारतीत चला. मग मी जातो. जातो म्हणजे इथेच खुर्चीत बसून जातो. जुन्या सर्व्हरचा आधी स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे आहे त्या क्षणी आहे तसं सगळं गोठवून बाजूला ठेवायचं. मग त्यावरून हुबेहूब दुसरा सर्व्हर उभा करायचा. त्याला क्लोन म्हणतात. क्लोनवर काय मोडतंय काय चालतंय ते बघायचं, आणि सगळं ठीक असेल तर लोकांना हळूच नव्या दाराकडे वळवायचं. काम नीट झालं तर कोणाला काही कळत नाही. शाबासकी मिळाली नाही म्हणजे काम चोख झालं, असा हा धंदा आहे.

मी या कामात चोख आहे, हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. वडील डहाणू रोडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. फॉर्ममधला रकाना रिकामा सोडलेला त्यांना खपत नसे. लिहिण्यासारखं काही नसेल तर रेघ मारा, पण कोरा ठेवू नका, असा त्यांचा दंडक होता आणि त्यावरून मी लहानपणी मारही खाल्लेला आहे. तो गुण माझ्यात उतरला. कोरा रकाना दिसला की माझे हात शिवशिवतात. पुढे जे सांगणार आहे त्यात वडिलांच्या माथी काही मारायचं नाही मला. त्यांनी निदान समोरच्या माणसाला विचारून रकाना भरला असता.

तलासरीच्या पुढे, हायवे सोडून आत गेलं की एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. तिथे दर बुधवारी सिकलसेलची मुलं येतात. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात आणि मग मूल हाडं धरून रडत बसतं. आमच्या या पट्ट्यात पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावांत हा आजार पुष्कळ घरांत आहे. तो जात नाही. रोजच्या गोळ्या, वेळच्या वेळी तपासणी, दुखणं उठलं की लगेच सलाइन, एवढं सांभाळलं तर मूल मोठं होतं. नाही सांभाळलं तर, किंवा सांभाळूनही कधीकधी, होत नाही.

तिथल्या नोंदी पूर्वी जाड वह्यांत होत्या. डॉक्टर माझ्या ओळखीचे, त्यांनी गळ घातली आणि मी त्यांना एक सर्व्हर उभा करून दिला. फुकट. फुकट केलेल्या कामाचा माणसाला फार अभिमान असतो, आणि त्या अभिमानापायी तो कोणाचं ऐकून घेत नाही.

वह्या ज्यांच्या हातच्या होत्या त्या सिस्टर. वय पन्नाशीच्या पुढे, जन्म तलासरीचा. दुकानदाराशी गुजराती, डॉक्टरांशी मराठी, बायांशी गावची बोली, आणि माझ्याशी जी मराठी बोलायच्या तिच्यात निम्म्या शिव्या असायच्या. म्हणजे प्रेमाच्या. "अरे इंजिनेरा, तुझं मशीन परत झोपलं बघ," असा फोन यायचा. मी म्हणायचो, सिस्टर, झोपलं नाही, तुमच्याकडची लाइट गेली आहे. त्या म्हणायच्या, "मग तेच बोलते ना मी."

गोळ्यांची तारीख जवळ आली की घरी आपोआप फोन जावा, ही कल्पना माझी. मेसेज वाचणार कोण, म्हणून आवाज. मजकूर मी लिहून नेला होता, 'आपल्या पाल्याची नियमित तपासणी' वगैरे. सिस्टरांनी कागद वाचला आणि डोळ्यांवरचा चष्मा वर केला. "असं कोण बोलतं रे? तहसीलदार?" मग डॉक्टरांच्या खोलीतला पंखा बंद केला आणि त्या माझ्या मोबाइलमध्ये आपल्या मनानेच बोलल्या. "बाय, मी सिस्टर बोलते. पोराच्या गोळ्या संपल्या असतील. बुधवारी घेऊन ये. विसरू नको हं." मुलीच्या घरांसाठी 'पोरीच्या' असं म्हणून आणखी एकदा. दोन्ही एका दमात झाले. मागे बाहेरच्या कोंबड्याने एकदा बांग दिली तीही त्यात आली, ती मी काढली नाही.

तो आवाज लागू पडला. बाया त्या फोनला उत्तरं द्यायच्या. "हो सिस्टर, येते, भात झोडायचा आहे तेवढा होऊ दे," असं सांगून मग ठेवायच्या. पलीकडे कोणी नाही हे काहींना माहीत होतं, काहींना नव्हतं. सिस्टर बुधवारी त्यांना विचारायच्या, झाला का भात झोडून? कसं कळायचं कोणास ठाऊक. अंदाजाने विचारत असतील.

आता तारखांचं. प्रत्येक मुलाच्या नोंदीत एक रकाना होता, पुढच्या भेटीची तारीख. दुसरा एक रकाना होता स्थितीचा. त्यात तीनच पर्याय मी ठेवले होते: चालू, स्थलांतरित, मृत. 'मृत' निवडलं की ती ओळ लाल व्हायची आणि नावावर रेघ यायची. मला वाटलं होतं, ठळक दिसेल. पहिल्यांदा एक मूल गेलं तेव्हा त्याची आई कार्ड परत द्यायला आली होती. सिस्टरांनी तिच्यासमोरच बटण दाबलं. ती बाई चार बुकं शिकलेली. तिने पडद्यावर पोराच्या नावावर रेघ ओढलेली पाहिली आणि विचारलं, "लाल का झालं? काय चुकलं त्याचं?"

त्यानंतर सिस्टरांनी ते बटण कधी दाबलं नाही. मूल गेलं की त्या पुढची तारीख तेवढी पुसायच्या. तारीख नाही म्हणजे फोन नाही. नाव तसंच राहायचं, काळ्या अक्षरांत, इतर मुलांच्या मध्ये. तसंही आमच्याकडे लहान मूल 'मेलं' असं कोणी तोंडाने म्हणत नाही. गेलं म्हणतात, नाहीतर नुसतेच गप्प बसतात. सिस्टरांनी गप्प बसण्याचा मार्ग शोधला होता. आणि मला विचारूनच. फोनवर म्हणाल्या होत्या, "जी पोरं नाहीत त्यांची मी तारीख काढून ठेवते, चालेल ना?" मी दुसऱ्या कामात होतो. म्हटलं, "चालेल, चालेल." हे बोलणं मला आठवतं. पुष्कळ दिवस मी ते न आठवल्यासारखं केलं, पण आठवतं.

तीनेक वर्षांपूर्वी सर्व्हरवाल्यांचं पत्र आलं की जुनी यंत्रं बंद होणार, अमुक मुदतीत नव्यावर हलवा. मी नेहमीच्या शिस्तीने निघालो. स्नॅपशॉट घेतला, क्लोन उभा केला. नव्या सर्व्हरवरचा डेटाबेस जरा कडक होता, कोरी तारीख घेईना. चढवायला गेलं की अडायचं आणि ओळींची यादी दाखवायचं. सतरा ओळी. सतरा कोऱ्या तारखा. मला आलेला राग, खरं सांगायचं तर, सिस्टरांवर होता. एवढं सोपं करून दिलं, तरी रकाना भरत नाहीत, असं मी मनात म्हणालो आणि सतराच्या सतरा ठिकाणी येणाऱ्या बुधवारची तारीख टाकली. तात्पुरती. चढून झालं की सिस्टरांना विचारून नीट करू, असं ठरवून मी नाश्त्याला उठलो. क्लोनवरचंच काम होतं, खरा सर्व्हर तर जागेवर होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

पण नकलेला आपण नक्कल आहोत हे माहीत नसतं. खऱ्या सर्व्हरवर जे जे ठरलेलं असतं ते सगळं तिच्यातही आलेलं असतं. सकाळी दहाला ज्यांची तारीख जवळ आहे त्यांना फोन लावायचे, हेही आलेलं होतं. क्लोन केला की आधी ते बंद करायचं, हा या धंद्यातला पहिला धडा आहे. मी तो नव्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी विसरलो.

दहा वाजून काही मिनिटांनी मी पोह्यांची बशी घेऊन परत आलो तेव्हा पडद्यावर ओळी सरकत होत्या. फोन लावला, उचलला. फोन लावला, उचलला. मी बंद करेपर्यंत सतराही गेले होते. सतरापैकी सहा घरं नुसती कामासाठी गुजरातेत गेलेली, म्हणून तारीख काढलेली, पोरं ठणठणीत. उरलेली अकरा ती होती.

मग मी काय केलं ते सांगतो, कारण त्याचीच मला जास्त लाज वाटते. मी क्लोन पाडला, स्नॅपशॉटवरून नवा उभा केला, आधी फोन बंद केले, कोऱ्या तारखांना चालेल असा बदल केला आणि दुपारपर्यंत सगळं नव्या जागी हलवलं. एकही नोंद हरवली नाही. मला बरं वाटलं. जेवताना बायकोला मी सांगितलंसुद्धा की थोडी गडबड झाली होती पण सगळं पूर्ववत केलं. तिने विचारलं, "आणि ते फोन?" मी म्हटलं, ते काय आता परत घेता येतात?

सिस्टरांना मी त्याच दिवशी फोन केला. झालं ते सांगितलं. त्या एकेका घराचं नाव न घेता विचारत गेल्या. "सूत्रकारच्या त्या बाईला गेला? खालच्या पाड्यावर गेला? सायवनला?" मी यादी बघून हो म्हणत होतो. सायवनला हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं, ठेव."

सायवनची ती मुलगी नऊ वर्षांची होती. त्या आधीच्या पावसाळ्यात तिला छातीत दुखणं उठलं. दवाखान्याची गाडी घेऊन सिस्टर स्वतः गेल्या होत्या, तिला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि वाटेतच ती मुलगी गेली. सिस्टर तशाच बसून राहिल्या आणि गाडी परत फिरवायला लावली, कारण आईने विनवलं की तिला घरी नेऊ. पुढे दिवसकार्याला सिस्टर होत्या. भात कापून झाल्यावर त्या परत गेल्या, होळीला गेल्या. तलासरीहून सायवन म्हणजे दोन गाड्या बदलून अर्धा दिवस. त्या बाईला दुसरं मूल नव्हतं आणि सिस्टरांनी लग्न केलेलं नव्हतं. दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही. सिस्टर तिथून नागलीच्या भाकऱ्या बांधून आणायच्या आणि बुधवारी डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायच्या.

बुधवारी मीही दवाखान्यात गेलो. माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो. सायवनची ती बाई पहिल्या एसटीने आलेली होती आणि मुलीचं कार्ड हातात घेऊन बाकावर बसली होती, इतर आयांच्या रांगेत. त्यांच्या मांडीवर मुलं होती. सिस्टर आतून आल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तू फोन केला," ती म्हणाली. "पोरीला घेऊन ये बोलली. कुठून आणू?"

सिस्टर म्हणाल्या, "बाय, आत चल. चहा घे."

"मी तुला सांगत होती, सिस्टर, ती नाय गं, तुला ठाऊक हाय ना, ती नाय. तू ऐकलंच नाय. वर मला बोलली, विसरू नको." तिचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या मांडीवर गेली ती. आणि तू विसरली?"

त्या वेळी सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या फिल्टरपाशी उभा होतो, पाच पावलांवर. दोन वाक्यांचं काम होतं. यांनी फोन केला नाही बाई, मी केला, चुकून. मी वळलो आणि भिंतीवरच्या राउटरचे दिवे बघायला लागलो. हिरवे होते. चांगले हिरवे होते, बघण्यासारखं काही नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "चुकलं माझं."

ती उठली, कार्ड टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात ट्रस्टची बैठक झाली. इतर घरांतूनही कोणाकोणाचे फोन आले होते, एकाचा भाऊ भांडायला येऊन गेला होता. मला विचारलं, हे झालं कसं? मी म्हणालो, "तांत्रिकदृष्ट्या हलवण्यात काही चूक नव्हती. नोंदी अपूर्ण होत्या. तारखा भरलेल्या नव्हत्या." माझे शब्द मला पाठ आहेत. सगळ्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हो, तारखा मी कोऱ्या ठेवल्या होत्या." मला विचारून ठेवल्या होत्या, हे त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

बाहेर पडल्यावर मी पायऱ्यांवर त्यांना गाठलं. "सिस्टर, तुम्ही सांगायला हवं होतं."

"काय सांगू? मशीन बोललं, मी नाही? आवाज कोणाचा होता?" मग माझ्याकडे बघून त्यांना बहुतेक दया आली. "तू फुकट येतोस रे. तुझं नाव खराब झालं तर उद्या इथे कोण येणार? माझं काय, माझी दोन वर्षं राहिली."

त्यांनी मला आपला आवाज काढून टाकायला सांगितलं तेवढं मी केलं. आता तिथे रेडिओसारखा एक आवाज आहे. बॅकअपमध्ये सिस्टरांचा जुना आवाज असणारच, मी कधी उघडून ऐकलेला नाही.

अकरापैकी दहा घरांत सिस्टर एकेक करून जाऊन आल्या. कोणी रडलं, कोणी बोल लावला, पण सगळ्यांनी बसवून घेतलं. सायवनला मात्र त्या बाईने दार लोटून घेतलं. सिस्टर ओट्यावर तासभर बसून परत आल्या. पुढच्या होळीला पुन्हा गेल्या. तेव्हाही दार उघडलं नाही. आतून चुलीचा धूर येत होता, असं त्यांनी मला सांगितलं, म्हणजे ती घरातच होती हे कळावं म्हणून. मी म्हटलं, "सिस्टर, मी जाऊन सांगतो तिला. मीच करायला हवं ते." त्या म्हणाल्या, "जा कधीतरी. तुझ्या तोंडून ऐकलं तर पटेल तिला."

त्या 'कधीतरी'ची मी फार सोय करून घेतली. आधी एका मोठ्या कामाची मुदत होती. मग पाऊस लागला, तिकडचा रस्ता वाईट होतो. मग आईचं आजारपण. मग आता इतके दिवस झाल्यावर जुनी जखम उकरायला कशाला जायचं, असा सुज्ञ विचार मला सुचला. सिस्टर भेटल्या की विचारायच्या नाहीत, पण निघताना क्षणभर थांबायच्या. मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की." त्या म्हणायच्या, "सावकाश जा रे." निवृत्तीच्या दिवशी ट्रस्टने त्यांना शाल दिली. डॉक्टर बोलले, मी बोललो. मी चांगलं बोललो, लोक हसले. सिस्टरही हसल्या. त्यानंतर सगळे पांगल्यावर त्यांनी विचारलं, एवढ्या दिवसांत एकदाच, "सायवनला जाणं झालं का रे?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "पाय सुजतात आता. नाहीतर मीच गेले असते अजून एकदा."

पाय सुजत होते ते मूत्रपिंडामुळे. पुढच्या श्रावणात त्या गेल्या. डॉक्टरांनी दवाखान्याच्या ग्रुपवर टाकलं, मी ते काम करता करता वाचलं. तलासरीला अंत्ययात्रेला मी होतो. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया आल्या होत्या, मुलं घेऊन, भर पावसात. त्या गर्दीत मी सायवनच्या बाईला शोधलं. ती नव्हती. मला वाटलं, अजून राग गेला नसेल. असं वाटून घेणं मला बरं पडलं.

भात कापून झाल्यावर एका सकाळी मी शेवटी गाडी काढली. विवळवेढ्यापाशी हायवेवर थांबून दोन चहा घेतले, ज्यांची गरज नव्हती. तिथून पुढे सायवनपर्यंत काय बोलायचं ते जुळवत गेलो. दोन गोष्टी सांगायच्या होत्या. त्यातली आपल्या चुकीची आधी सांगावी, असं ठरवलं. ती सांगायला सोपी होती.

बाई अंगणात नागली पाखडत होती. मला ओळखलं नाही. मी म्हटलं, तलासरीच्या दवाखान्याकडून आलोय, तेव्हा तिचे हात थांबले. तिने खाटेकडे बोट केलं. मी बसलो आणि बोललो. सर्व्हर, क्लोन काही आणलं नाही मध्ये. म्हटलं, तो फोन सिस्टरांनी केला नव्हता. त्यांनी तुमच्या पोरीची तारीख तेव्हाच काढून ठेवली होती, की तुम्हाला फोन येऊ नये. मी ती परत घातली, त्यांना न विचारता. आवाज आधीच भरून ठेवलेला होता, सगळ्यांना तोच जातो. चूक माझी होती. त्या दिवशी मी तिथेच उभा होतो आणि बोललो नाही.

तिने सूप खाली ठेवलं. "म्हणजे तिला ठाऊक होतं?"

"होतं. त्या विसरल्या नव्हत्या."

"मग ती बोलली का नाय?"

"मला वाचवायला."

मला वाटलं, आता हाकलून देईल, आणि मला ते हवंही होतं. पण तिचा चेहरा सैल झाला. दोन-अडीच वर्षांचं काहीतरी तिच्या खांद्यावरून उतरलं, मला दिसलं ते. पदराने डोळे पुसून ती उठली, हातांचा कोंडा झटकला आणि माझ्या मागे रस्त्याकडे मान उंच करून बघायला लागली.

"खाली ठेवली काय तिला? लाजते होय वर यायला?" ती हसत होती. "दोनदा आली, मी दार नाय उघडलं. जा, घेऊन ये तिला. बोल, मी रागावलेली नाय. मी भाकर टाकते, तिला गरम लागते." आणि मी तोंड उघडायच्या आत ती घरात गेलीसुद्धा. आत डब्याचं झाकण वाजलं. चूल फुंकल्याचा आवाज आला.

मी उठून दारापर्यंत गेलो. ती पिठात पाणी घालत होती. मी तिथेच चौकटीला धरून सांगितलं.

तिचा हात पिठात तसाच राहिला. "कवा?"

"श्रावणात."

बाहेर कोणीतरी गुरं हाकत गेलं. ती पिठाकडे बघत होती.

"मला कोणी फोन नाय केला," ती म्हणाली.

तिचा नंबर माझ्याकडे होता.